घरातील उष्णतेचा हिशेब

[विटा येथे पंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामविकासाचे काम पाहणारे अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर]



घराचा ऊर्जा-दर्जा आणि घर उबदार ठेवण्याची व्यवस्था यांचा संबंध काय, असा आजच्या भाषणाचा विषय आहे. हा विषय ऐकल्यावर आपल्यापैकी काहींच्या मनात शंका येईल की, ज्या तालुक्यात वर्षातील बहुतेक दिवस माणूस सावली शोधतो, तेथे घर उबदार करण्याची चर्चा कशासाठी? ही शंका रास्त आहे. आपल्या घरात भिंतीला लावलेले लोखंडी तापक नाहीत, तळघरात भट्टी नाही. हिवाळ्याच्या पहाटे पारा बारा-चौदा अंशांपर्यंत उतरला, तरी एका घोंगडीवर आपले भागते.

परंतु उष्णतेवाचून आपले घर चालत नाही. सकाळी आंघोळीचे पाणी तापवावे लागते, दोन वेळा चूल पेटवावी लागते. खोल्या तापविण्यासाठी युरोपातील कुटुंब जो खर्च करते, त्याच्या जागी आपल्याकडे पाणी आणि स्वयंपाक हे दोन खर्च येतात. म्हणून आपल्या घराचा ऊर्जा-दर्जा ठरवावयाचा असेल, तर तो न्हाणीघरापासून व स्वयंपाकघरापासून ठरविला पाहिजे. आणि तो ठरविताना केवळ उपकरणावरील तारे किंवा विजेचे बिल पाहून चालणार नाही. उष्णता आली कोठून, ती मिळविण्यासाठी कोणी किती कष्ट केले आणि ती गेली कोठे, हे तिन्ही प्रश्न विचारावे लागतील. हेच मला आज आपणांसमोर मांडावयाचे आहे.

दर्जा म्हणजे काय?

१९७३ साली खनिज तेलाचे भाव भडकले, तेव्हा थंड देशांना आपल्या घरांचा हिशेब करणे भाग पडले. त्या विचारातून पुढे इमारतींना दर्जा देण्याची पद्धत वाढीस लागली. युरोपीय संघाने २००२ साली इमारतींच्या ऊर्जा-कार्यक्षमतेबद्दल निदेश काढला आणि घर विकताना किंवा भाड्याने देताना त्याचे दर्जापत्र दाखविण्याची पद्धत सदस्य देशांत सुरू झाली. ब्रिटनमध्ये हे दर्जापत्र ‘ए’ पासून ‘जी’ पर्यंतच्या अक्षरांत असते. इंग्लंड व वेल्समध्ये २०१८ पासून, काही अपवाद वगळता, ‘ई’ च्या खालच्या दर्जाचे घर नव्याने भाड्याने देता येत नाही. अर्थात हे अक्षर केवळ शोभेचे नाही. त्यावर घरमालकाचे उत्पन्न अवलंबून असते.

या दर्जात घर तापविण्याच्या व्यवस्थेचा वाटा फार मोठा असतो. भिंती, खिडक्या व छप्पर तेच ठेवून केवळ जुना बंबवजा तापक बदलून नवा बसविला, तरी अक्षर वर सरकते. यात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. विजेच्या साध्या तापकात घरात आलेली जवळजवळ सगळी वीज उष्णतेत रूपांतरित होते. म्हणजे घरापुरते पाहिले तर त्याची कार्यक्षमता शंभर टक्के. तरीही ब्रिटनमधील दर्जापत्रात असे घर बहुधा मागे पडते. कारण तेथील घरांचा मुख्य दर्जा इंधनाच्या खर्चावरून काढतात आणि तितकीच उष्णता वायूपासून घेण्यापेक्षा विजेपासून घेणे तेथे महाग पडते. तात्पर्य, दर्जा कशावरून काढावयाचा हे ठरविले की निम्मा निकाल लागलेला असतो. मापच चुकीचे घेतले, तर चांगले घर वाईट ठरते आणि वाईट घर चांगले ठरते.

आपल्या देशात ऊर्जा संधारण कायदा २००१ साली झाला व त्या कायद्यानुसार २००२ साली ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला. २००६ पासून उपकरणांवर तारे दिसू लागले. मोठ्या व्यापारी इमारतींसाठी २००७ साली संहिता आली आणि निवासी इमारतींसाठी २०१८ साली ‘इको निवास संहिता’ जाहीर झाली. या संहितेच्या पहिल्या भागात भिंती, खिडक्या व छपरातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा घातली आहे. ही सुरुवात योग्यच आहे. परंतु विट्यासारख्या गावातील बहुसंख्य घरे बैठी आहेत, अनेक टप्प्याटप्प्याने बांधलेली आहेत. त्यांच्यापर्यंत संहितेचा कागद पोहोचण्यास वेळ लागेल. तोपर्यंत आपला हिशेब आपणच मांडण्यास कोणाची हरकत नाही.

शंभर लिटर पाणी

विटा हे गलाई कारागिरांचे गाव. येथील बांधव सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशाच्या कानाकोपऱ्यात गेले. मुशीला लागलेली आच आणि भट्टीच्या तोंडातून वाया गेलेली आच यांतील फरक त्यांना कोणी शिकवावा लागत नाही. कारण जळण म्हणजे रोकड, हे त्या धंद्यात रोज दिसते. तीच नजर आपण न्हाणीघराकडे वळवू.

पाच माणसांचे कुटुंब घेऊ. दर माणशी वीस लिटर ऊन पाणी धरले, तर शंभर लिटर होते. हे पाणी वीस अंशांवरून चाळीस अंशांवर न्यावयाचे आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास एक किलोकॅलरी लागते. म्हणजे एकूण २,००० किलोकॅलरी झाल्या. हा आकडा कोणत्याही साधनाने बदलत नाही. साधनाप्रमाणे बदलते ते त्यासाठी जाळावे लागणारे इंधन.

तीन दगडांच्या किंवा साध्या मातीच्या चुलीत जळणातील उष्णतेपैकी सुमारे दहावा हिस्सा भांड्याला लागतो. बाकीची उष्णता धुरावाटे, चुलीच्या तोंडातून व बाजूच्या मातीत जाते. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत साधारण ४,००० किलोकॅलरी धरल्या, तर उपयोगी ४०० मिळाल्या. म्हणजे या शंभर लिटरसाठी रोज पाच किलो लाकूड, महिन्याला दीड क्विंटल.

आपल्या जुन्या तांब्याच्या बंबाची रचना याहून शहाणपणाची आहे. त्यात विस्तव मध्यभागी असतो व पाणी त्याच्या भोवती. धूरदेखील पाण्याच्या अंगाला चाटूनच वर जातो. थोड्या बंबफोडीत आणि चार शेणींत पाणी कढत होते ते यामुळेच. चुलीला वैल ठेवून त्यावर पाण्याचे पातेले चढविण्याची गृहिणीची रीत हीदेखील वाया जाणारी आच पकडण्याचीच युक्ती होय. कार्यक्षमता हा शब्द नवा असला, तरी तिची जाण आपल्या घरात जुनी आहे.

गॅसच्या एका किलोत सुमारे ११,००० किलोकॅलरी असतात व शेगडीवर त्यांपैकी साठ टक्के किंवा त्याहून अधिक भांड्याला लागतात. या हिशेबाने रोज सुमारे ३०० ग्रॅम, महिन्याला नऊ किलो गॅस केवळ आंघोळीस लागेल. १४.२ किलोची टाकी स्वयंपाकास न वापरताही दीड महिन्यात संपेल. म्हणूनच गॅस घरात आल्यावरही परसात पाण्याची चूल पेटत राहिलेली दिसते. ही अडाणीपणाची खूण नसून घरच्या काटकसरीचा तो निर्णय आहे. त्याला दुसरा, स्वस्त पर्याय दिल्याखेरीज तो बदलणार नाही.

विजेच्या एका युनिटातून ८६० किलोकॅलरी मिळतात. तेव्हा शंभर लिटरसाठी, थोडी गळती धरून, अडीच युनिटे लागतात, महिन्याला पंच्याहत्तर. घरगुती विजेचा दर पहिल्या शंभर युनिटांस एक आणि पुढच्या टप्प्यांस चढता, अशी रचना असल्याने हा आकडा महत्त्वाचा आहे. जे कुटुंब दिवे, पंखा व दूरदर्शन संच यांसाठी साठ-सत्तर युनिटे वापरून पहिल्या टप्प्यात राहते, ते गिझर बसविताच दुसऱ्या टप्प्यात जाते. शिवाय आपल्या राज्यातील विजेचा मोठा हिस्सा कोळशापासून होतो. औष्णिक केंद्रात कोळशातील उष्णतेच्या साधारण एक तृतीयांश भागाचीच वीज होते. उरलेली केंद्रातच जाते आणि वाटेत तारांतही काही गळती होते. एकदा उष्णतेपासून वीज करावयाची आणि घरी आणून पुन्हा तिची उष्णता करावयाची, हा सोने मोडून पितळ घेण्यासारखा व्यवहार आहे.

पाच ताऱ्यांचा खरा अर्थ

साठवणीच्या गिझरवर जे तारे असतात, त्यांच्याबद्दल सर्वसाधारण समजूत अशी की, पाच तारे असलेला गिझर कमी विजेत पाणी तापवितो. वस्तुस्थिती वेगळी आहे. पाणी तापविण्यास लागणारी उष्णता, आताच पाहिल्याप्रमाणे, कोणत्याही गिझरला सारखीच लागते. ताऱ्यांनी मोजली जाते ती टाकीच्या अंगातून होणारी गळती. म्हणजे पाणी तापवून तसेच ठेवले, तर चोवीस तासांत किती वीज निव्वळ ते ऊन राखण्यात जाते, ती. जेथे गिझर दिवसभर चालू राहतो, अशा विश्रामगृहात किंवा रुग्णालयात ताऱ्यांचा लाभ मोठा आहे. जे कुटुंब सकाळी अर्धा तास गिझर लावून आंघोळ होताच बंद करते, त्याला फरक थोडा पडेल.

तारे निरुपयोगी आहेत असे मला म्हणावयाचे नाही. चांगले वेष्टन असलेली टाकी घेणे केव्हाही बरे. परंतु पाच तारे असलेला विजेचा गिझर बसविला म्हणजे घर पाच ताऱ्यांचे झाले, असा निष्कर्ष काढणे चूक आहे. उपकरणाचा दर्जा व घराचा दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी होत. शिक्षकांनी हा फरक वर्गात एका गणिताने दाखवावा. विद्यार्थी तो घरी जाऊन सांगतील.

जेथे वीजच वापरावयाची आहे, अशी वसतिगृहे, रुग्णालये व मंगल कार्यालये यांनी उष्णता-पंपाचा विचार करावा. शीतकपाट आतील उष्णता ओढून बाहेर टाकते. हा पंप बाहेरच्या हवेतील उष्णता ओढून पाण्यात घालतो. त्यामुळे एका युनिट विजेत अडीच-तीन युनिटांएवढी उष्णता पाण्याला मिळू शकते. आपली हवा थंड देशांच्या मानाने उबदार असल्याने हे यंत्र येथे चांगले चालते. प्रारंभीचा खर्च मात्र अधिक आहे.

याच ठिकाणी एक इशारा देणे कर्तव्य आहे. गॅसवर चालणारा गिझर बंद न्हाणीघरात बसविल्यास हवा अपुरी पडून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. अशा अपघातांत माणसे दगावली आहेत. गॅस गिझर न्हाणीघराबाहेर, वाहत्या हवेत असावा, हे बांधकामाची परवानगी देतानाच सांगितले पाहिजे.

शून्य बिलाचे घर

आता दुसऱ्या टोकाचे घर पाहू. या घरात गिझर नाही, गॅसची टाकी वर्षातून दोन-तीन वेळा येते, विजेचे बिल अगदी थोडे. सर्व पाणी व बराचसा स्वयंपाक चुलीवर होतो. जळण बांधावरच्या बाभळीचे, शेतातल्या धसकटांचे, गोठ्यातल्या शेणींचे. बिलांवरून दर्जा काढला, तर हे गावातील सर्वांत उत्तम घर ठरेल! आणि प्रत्यक्षात इंधनातील नव्वद टक्के उष्णता वाया घालविणारे घर तेच आहे.

या घराचे बिल कोणीतरी भरत असतेच. माळावरून मोळी आणणारी बाई ते आपल्या पायांनी भरते, चुलीपुढे फुंकणी घेऊन बसणारी सून आपल्या डोळ्यांनी व छातीने भरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुराच्या प्रदूषणाने २०२० साली जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. या धुराचा मीटर कोणत्याही घरावर बसविलेला नाही, म्हणून तो हिशेबात येत नाही एवढेच. शेतात जावयाचे शेण चुलीत जाते, तेव्हा जमिनीचेही काही देणे राहून जाते.

चूल सुधारण्याचे प्रयत्न आपल्याकडे जुने आहेत. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या चळवळीतून मगन चूल तयार झाली. १९८३ नंतर केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला व तो २००२ पर्यंत चालला. महाराष्ट्रात पुण्याच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे ‘आरती’ने, अशा चुलींचे नमुने व साचे तयार करून कुंभार व कारागिरांना शिकविले. चांगल्या सुधारित चुलीत वीस टक्क्यांहून अधिक उष्णता भांड्याला लागते. म्हणजे तेवढ्याच स्वयंपाकास निम्मे जळण पुरते, आणि धुराडे असल्याने धूर घराबाहेर जातो.

या कार्यक्रमाचा धडा मात्र विसरता कामा नये. चूल बसविली की काम संपले असे समजल्याने अनेक ठिकाणी धुराडी काजळीने बुजली, चुलीची तोंडे मोठ्या लाकडासाठी फोडली गेली आणि काही वर्षांत सुधारित चूल साधी चूल झाली. वस्तू देणे सोपे असते. तिची निगा राखणारा कारागीर गावात असणे महत्त्वाचे असते. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅसची जोडणी गरीब घरांपर्यंत नेली, हे मोठे काम झाले. तथापि जोडणी मिळणे आणि दर वेळी टाकी भरून घेणे परवडणे, यांत अंतर आहे. तेव्हा पाण्याची चूल हे या सर्व प्रयत्नांतून निसटलेले ठिकाण आहे, असे मला वाटते. स्वयंपाक गॅसवर आणि पाणी सूर्यावर, अशी विभागणी झाली तरच परसातला धूर थांबेल.

सूर्यावर तापलेले पाणी

आपल्या भागात पावसाळा सोडला तर ऊन भरपूर असते. एक चौरस मीटर जागेवर दिवसाकाठी साधारण पाच युनिटे ऊर्जा पडते. शंभर लिटरच्या सौर संचास सुमारे दोन चौरस मीटर संग्राहक लागतो. म्हणजे दहा युनिटे पडली. त्यातील निम्मी पाण्यात उतरली, तरी शंभर लिटर पाणी वीस अंशांवरून साठ अंशांपर्यंत जाते. त्यात तितकेच थंड पाणी मिसळून दुप्पट लोकांची आंघोळ होते. जेथून ऊन आले तेथे कोळसा नाही, मोळी नाही, धूर नाही. घराचा दर्जा एका साधनाने इतका उंचावणारे दुसरे काही माझ्या पाहण्यात नाही.

१३ फेब्रुवारी २०२४ रोजी जाहीर झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेमुळे छपरावरील सौर विजेकडे लोकांचे लक्ष गेले आहे. ३ किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद त्या योजनेत केली गेली. ती अवश्य घ्यावी. परंतु सौर वीज आणि सौर पाणी यांत घोटाळा करू नये. वीज करणारी पट्टी उन्हाचा साधारण पाचवा हिस्सा पकडते. पाणी तापविणारा संग्राहक निम्म्यापर्यंत पकडतो. छपरावर जागा थोडी असेल आणि गरज उष्णतेची असेल, तर उष्णताच पकडणे शहाणपणाचे.

संच बसविताना तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली, पाण्याचा गुण. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने संग्राहकाच्या बारीक तांब्याच्या नळ्या बुजतात, तद्वत गिझरच्या कांडीवरही थर बसतो. अशा ठिकाणी काचेच्या निर्वात नळ्यांचा संच अधिक टिकाव धरतो. तरी वर्षातून एकदा सफाई हवीच. दुसरी, नळाची लांबी. अर्ध्या इंची नळात दर मीटरला सुमारे १७५ मिलिलिटर पाणी असते. संच छपराच्या एका टोकाला व न्हाणीघर दुसऱ्या टोकाला, मध्ये वीस मीटर नळ असेल, तर ऊन पाणी येईपर्यंत साडेतीन लिटर पाणी प्रत्येक वेळी वाया जाते. ज्या तालुक्यात टेंभू योजनेच्या पंपांनी कृष्णेचे पाणी उचलून आणावे लागते, तेथे हे पाणी म्हणजे वीजच होय. नळ जवळून न्यावा, त्यावर वेष्टन घालावे, आणि पहिले थंड पाणी बादलीत धरून वापरावे. तिसरी, पावसाळ्याची सोय. ढगाळ दिवसांसाठी जोडीला दुसरे साधन लागते, हे आधीच सांगावे. म्हणजे जुलै महिन्यात कोणी निराश होणार नाही.

भिंत आणि छप्पर

गावाचे नाव विटा असल्याने भिंतीविषयी दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्या आजोबांच्या धाब्याच्या घरात जाड मातीच्या भिंती व मातीचे छप्पर होते. ते दिवसाचे ऊन सावकाश आत घेई व रात्रीची ऊब सावकाश बाहेर सोडी. त्याला पावसाळ्यापूर्वी दर वर्षी डागडुजी लागे, म्हणून ते मागे पडले व पत्रा आणि सिमेंटची गिलाव्याची गच्ची आली. पत्रा दुपारी भट्टीसारखा तापतो आणि पहाटे बर्फासारखा निवतो. उघड्या काँक्रीटच्या गच्चीतून जेवढी उष्णता आत येते, ती इको निवास संहितेतील छपराच्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक भरते. यंत्रमागाच्या पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्याच्या दुपारी काम करणाऱ्यास हे वेगळे सांगावे लागणार नाही.

उपाय फार महागडे नाहीत. गच्चीला चुन्याचा पांढरा लेप, विटांच्या तुकड्यांचा कोबा, पत्र्याखाली छत आणि मध्ये हवेची पोकळी, पश्चिमेच्या भिंतीवर सावली, हे करता येण्याजोगे आहे. घराला पहाटे कमी गारठा लागला, तर पाणीही कमी कढत लागते आणि उन्हाळ्यात पंख्याचा व शीतकाचा खर्च वाचतो. आवरण चांगले असेल, तर आतले साधन लहान पुरते. हा नियम थंड देशांत आणि आपल्याकडे सारखाच लागू आहे.

पंचायतीने व शाळेने काय करावे?

मोजणी सुरू झाली की गाव बदलते, हे विट्याला सांगावयास नको. २०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखापेक्षा कमी लोकसंख्येच्या शहरांत विटा देशात पहिले आले. कचऱ्याच्या बाबतीत जे झाले, ते उष्णतेच्या बाबतीत का होऊ नये? राज्य शासनाच्या, २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात पंचतत्त्वांपैकी अग्नी म्हणून ऊर्जेचा समावेश केलेला आहे. त्या चौकटीत बसतील अशा काही सूचना मी करतो.

पहिली सूचना शाळांसाठी. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या घरापुरती पाच प्रश्नांची एक यादी भरावी : पाणी कशावर तापते? त्यास आठवड्यात किती जळण, गॅस किंवा वीज लागते? जळण कोण आणते व त्यास किती तास लागतात? धूर कोठे जातो? छप्पर कशाचे आहे? जळण तराजूवर तोलून लिहावे, अंदाजाने नव्हे. शंभर घरांची अशी यादी हाती आली, तर गावाचा ऊर्जेचा आराखडा तयार होईल आणि विद्यार्थ्यांचे गणितही पक्के होईल.

दुसरी सूचना घरकुलांबाबत. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर असून त्यात स्वयंपाकाच्या स्वच्छ जागेचा समावेश आहे. ही जागा आराखड्यात दाखविली जाते; ती प्रत्यक्षात धुरमुक्त होते की नाही, हे पंचायतीने पाहावे. धुराड्यासाठी भोक, न्हाणीघराच्या वरच गच्चीवर सौर संचासाठी चौथरा आणि खाली उतरणारा नळ, एवढे बांधतानाच ठेवले तर खर्च नाममात्र येतो. घर पुरे झाल्यावर तेच भिंत फोडून करावे लागते.

तिसरी सूचना घरपट्टीबाबत. पुण्यासारख्या महानगरपालिकेने सौर पाणीसंच किंवा पर्जन्यजल संकलन करणाऱ्या घरांना घरपट्टीत सवलत दिलेली आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीतही सौर साधनांविषयी तरतुदी आहेत. लहान नगरपरिषदांनी आपल्या ऐपतीप्रमाणे असा विचार करावा. परंतु सवलत साधन बसविल्याची पावती पाहून एकदाच देऊ नये. साधन चालू आहे याची खात्री करून दर वर्षी द्यावी. चुलीच्या कार्यक्रमाने शिकविलेला धडा हाच आहे.

चौथी सूचना कारागिरांबाबत. सौर संचाची नळजोडणी व सफाई करणारा, तसेच सुधारित चूल बांधणारा निदान एक माणूस प्रत्येक मोठ्या गावात असावा. राज्याच्या ऊर्जा विकास अभिकरणाकडून, म्हणजे १९८५ साली स्थापन झालेल्या महाऊर्जाकडून, मार्गदर्शन घेऊन पंचायतींनी स्थानिक तरुणांच्या प्रशिक्षणासाठी प्रयत्न करावा.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. उद्या घरांना दर्जा देण्याची पद्धत आपल्यापर्यंत येईल, तेव्हा ती केवळ बिलांवर आधारलेली नसावी, असा आग्रह पंचायत सदस्यांनी आतापासून धरावा. ज्या घरात मोळी येते, त्या घराच्या हिशेबात मोळीचे वजन आणि ती आणणारीचे तास लिहिले गेले पाहिजेत. तसे झाले नाही, तर सर्वांत जास्त कष्टाचे घर कागदावर सर्वांत काटकसरीचे ठरेल आणि मदतीच्या यादीत त्याचे नाव शेवटी येईल. तसे झाले तर मात्र, पहिला सौर संच कोणत्या घरावर बसवावा याचा निर्णय करण्यास ग्रामसभेला फार वेळ लागणार नाही.

हिवाळा तोंडावर येण्यापूर्वी आपापल्या गावातील निदान दहा घरांचा हिशेब मांडून तो ग्रामसभेपुढे ठेवावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.